गुपचूप काम कर

धाकटी गेली त्याला तीन आठवडे झाले होते, तेव्हा बाई पहिल्यांदा घरी आल्या.

दार थोरलीने उघडलं. समोर साठीच्या पुढची एक ठेंगणी बाई उभी होती, खांद्याला कापडी पिशवी आणि चपला हातात. जिना नुकताच पुसलेला होता, त्यावर पाय उमटू नयेत म्हणून त्यांनी चपला खालीच काढल्या होत्या.

"तुमच्या लॉन्ड्रीत मी बावीस वर्षं चादरी धुतल्या," त्या म्हणाल्या. "मग एक दिवस मालकांनी मलाच धुऊन बाहेर टाकलं. आत येऊ का?"

थोरली बाजूला झाली. हसू यायला हवं होतं, हे तिला कळलं. पण ते आलं नाही. गेल्या तीन आठवड्यांत तिला काहीच येत नव्हतं, रडूही नाही. आठव्या दिवशी ती कामावर हजर झाली होती. कुणी म्हणालं धीराची आहे, कुणी म्हणालं दगड आहे. दोन्ही तिच्या कानावर आलं आणि दोन्ही तिला सारखंच वाटलं.

लॉन्ड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. गावातल्या सगळ्या इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, डॉक्टरांचे डगले तिथे गाड्या भरून यायचे आणि गाड्या भरून परत जायचे. थोरली सकाळच्या पाळीला गरम रोलरवर होती. दोघी जणींनी ओल्या चादरीची दोन टोकं धरायची, झटकायची, रोलरच्या तोंडात द्यायची. मिनिटाला चार चादरी. बारा वर्षं तिने हेच केलं होतं. सात महिन्यांपूर्वी तिने सुपरवायझरकडे शब्द टाकून धाकटीलाही तिथे लावलं होतं. दुपारची पाळी, मागच्या खोलीतले ड्रायर.

त्या मागच्या खोलीला एक दार होतं. ते दार आवारात उघडायचं. टॉवेल चोरीला जातात आणि बायका न विचारता हवा खायला बाहेर पडतात म्हणून सुपरवायझर त्याला बाहेरून साखळी घालायचा. त्या दिवशी दुपारी सव्वाचारला एका ड्रायरच्या नळीत साठलेल्या कापसाने पेट घेतला. आग फार मोठी नव्हती, धूर होता. पुढे जायच्या वाटेतच तो ड्रायर होता. खोलीत तिघी होत्या. त्यातल्या दोघी टेबलावर चढून वरच्या लहान खिडकीतून निघाल्या. धाकटी दाराकडे गेली.

त्या वेळी थोरली चष्म्याच्या दुकानात होती. आईच्या चष्म्याची काडी तुटली होती. दुकानदार बारीक स्क्रू शोधत होता.

बाईंनी हे सगळं आधीच चौकशी करून माहीत करून घेतलं होतं. त्यांनी चहाला नको म्हटलं नाही. आतल्या खोलीत पाठमोरी झोपलेल्या आईकडे एकदा बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "साखळी होती ना?"

"होती."

"कंपनी म्हणते नव्हती. म्हणते, नुसती कडी होती, पोरगी घाबरली, तिला कडी सापडली नाही. बंब यायच्या आत साखळी कुणीतरी काढून नेली. वाचलेल्या दोघी तोंड उघडायला तयार नाहीत. नोकरी जाईल म्हणून. मी त्यांना दोष देत नाही. पण माझ्याकडे दाखवायला काही नाही, नुसती बडबड आहे." बाईंनी कप खाली ठेवला. "ती कधी काही बोलली होती का? तुला, आईला? काही लिहून वगैरे?"

थोरलीने मोबाइल काढला. धाकटीने त्या दुपारच्या नऊ दिवस आधी पाठवलेला आवाजी निरोप तिने लावला. चौतीस सेकंदांचा.

"ताई, ऐक ना. आज परत साखळी घातलीये मागच्या दाराला. कोंबड्या कोंडतात ना, तसं कोंडलंय आम्हाला. मी सुपरवायझरला म्हटलं, अहो, आग लागली तर? तर म्हणतो कसा, लागली तर बघू." इथे धाकटी हसली होती. "बघू म्हणे! आग काय रजिस्टरमध्ये सही करून येणारे? तू बोल ना त्याच्याशी. तुझं ऐकतो तो. बोलशील ना? नक्की बोल हं."

चौतिसाव्या सेकंदाला थोरलीने अंगठा दाबला आणि मोबाइल बंद केला. असे निरोप एकामागून एक आपोआप वाजतात. एक संपला की खालचा सुरू होतो. खालचा तिचा स्वतःचा होता.

बाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "हे मला हवंय. पण तू नाही म्हणालीस तर मी परत जाईन आणि पुन्हा विषय काढणार नाही."

"घ्या," थोरली म्हणाली.

बाईंनी कामगारांसाठी चालवलेली कचेरी सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होती. एक खोली, बारा प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक टेबल, भिंतीला नकाशा. नकाशात गावातल्या लॉन्ड्र्या, पॅकिंगच्या शेड, शिवणकामाचे कारखाने टाचण्यांनी दाखवले होते. बाईंची कामाची रीत साधी होती. वही घेऊन घरोघर जायचं, चहा प्यायचा, ऐकायचं, लिहायचं, परत जायचं. पंधरा वर्षांत त्यांनी अशा सदतीस वह्या भरल्या होत्या.

दुसरी रीत कात्रीची होती. कात्री म्हणजे तिशीचा एक सडपातळ माणूस. आधी तो लग्नाचे व्हिडिओ कापून जोडायचा. दोन तासांच्या लग्नाची चार मिनिटं करायचा म्हणून मित्रांनी हे नाव ठेवलं, ते त्याला चिकटलं. त्याच्या बहिणीचा हात पॅकिंगच्या मशीनमध्ये गेला होता, तेव्हापासून तो बाईंकडे होता.

त्याने निरोप कानाला यंत्र लावून सहा वेळा ऐकला. मग म्हणाला, "ताई, चौतीस सेकंद जास्त होतात. लोक वीस सेकंदांच्या पुढे थांबत नाहीत. 'सही करून येणारे' इथे संपवू या? पुढचं 'तू बोल ना' वगैरे घरगुती आहे."

"काप," थोरली म्हणाली.

तिला हायसं वाटायला हवं होतं. बहुतेक वाटलंही असेल. पण ते एखाद्या लांबच्या खोलीत कुणीतरी दिवा लावावा तसं होतं, तिच्यापर्यंत उजेड आला नाही.

कात्रीने धाकटीचा एक फोटो घेतला. त्यात ती बसच्या खिडकीत होती आणि वाऱ्याने केस तोंडावर आले होते. खाली साखळीचं चित्र, मागे हळू वाजणारा पियानो, शेवटी तीन शब्द: साखळी काढा आता. सोबत एक अर्ज, ज्यावर मोबाइलवरूनच सही करता येईल. मंगळवारी सकाळी त्याने ते सोडलं. दुपारपर्यंत वीस हजार लोकांनी ऐकलं होतं. शुक्रवारी अर्जावर चार लाख सह्या होत्या. दूरच्या देशातल्या एका बाईने त्याच्यावर नाच केला होता. तो बघून बाईंनी कात्रीला विचारलं, "ही आपल्या बाजूची आहे की विरोधात?"

"बाजूची, बाई."

"मग नाचते कशाला?"

"हल्ली तसंच असतं."

एकदा थोरली कामावरून बसने घरी येत होती. पुढच्या सीटवरच्या माणसाच्या मोबाइलमधून धाकटी बोलायला लागली. "ताई, ऐक ना. आज परत साखळी..." माणसाने मान हलवली, चक् केलं आणि 'लागली तर बघू'च्या आधीच बोट सरकवलं. पुढे कुणीतरी भांडी घासायची पावडर विकत होतं. थोरली तिच्या थांब्याला उतरली. घरी येऊन तिने आईला जेवायला वाढलं. आईने पहिल्या घासालाच म्हटलं, "मीठ घातलं नाहीस." थोरलीचं ताट तोवर अर्धं संपलं होतं.

पंधरा दिवसांनी कंपनीने पत्रक काढलं. तो आवाज खोटा आहे, हल्ली संगणक कुणाचाही आवाज काढतो, आणि खरा असेल तरी मधेच कापलेला आहे, असं त्यात होतं. शेवटचा मुद्दा खराच होता. सरकारने नेमलेल्या चौकशी समितीने थोरलीला बोलावलं. मूळ मोबाइल घेऊन या, पुढच्या बुधवारी, सकाळी अकरा.

त्या बुधवारच्या आधीच्या रविवारी आई अंघोळीला गेली असताना थोरली स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिने पहिल्यांदा खालचा निरोप ऐकला. नऊ सेकंद. मागे रोलरचा घरघराट आणि तिचा स्वतःचा आवाज, घाईतला, वैतागलेला.

"अगं, सगळीकडे असंच असतं. नखरे करू नकोस, गुपचूप काम कर. शब्द टाकून लावलंय तुला, माझं नाक कापू नकोस."

त्याच्या खाली धाकटीने दोन शब्द लिहून पाठवले होते. 'बरं बाईसाहेब.' पुढे जीभ बाहेर काढलेलं एक तोंड.

थोरलीने आपल्या निरोपावर बोट दाबून धरलं. पुसायचा का, असं मोबाइलने विचारलं. एक टिचकी आणि काम झालं असतं. ती बराच वेळ त्या प्रश्नाकडे बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं, आपलं बोलणं पुसलं तर धाकटीचं 'बरं बाईसाहेब' नुसतंच लटकत राहील. कशाला बरं, कुणाला बरं, काही कळणार नाही. आणि ते तिने लिहिलेलं जवळजवळ शेवटचंच होतं. न्हाणीतलं पाणी थांबलं. थोरलीने 'नको' दाबलं आणि कूकर लावला.

दुसऱ्या दिवशी तिने कचेरीत जाऊन दोघांना तो निरोप ऐकवला.

कात्रीने कपाळाला हात लावला. "ताई, हे बाहेर आलं तर आपली वाट लागेल. चार लाख लोकांना आपण सांगितलंय की तिचं कुणी ऐकलं नाही. ते कुणीतरी म्हणजे..." तो थांबला.

"म्हणजे मी," थोरली म्हणाली.

नकाशातली एक सुटलेली टाचणी बाईंनी परत खोचली. मग म्हणाल्या, "हे तू पहिल्या दिवशी सांगायला हवं होतंस."

"हो."

"पुसावंसं वाटलं?"

"वाटलं. पण मग तिचं उत्तर एकटं पडलं असतं."

बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "मग आहे तसा घेऊन जा. जे होईल ते होईल."

"बाई, जे होईल ते मला निस्तरायचंय," कात्री म्हणाला.

"तुला नाही रे," बाई म्हणाल्या. "तिला."

सुनावणीची खोली शाळेच्या वर्गासारखी होती. लांब टेबलामागे समितीचे तिघे, मधोमध अध्यक्षीणबाई, त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या. तज्ज्ञाने मोबाइल तपासला आणि निरोप मूळचाच आहे असं सांगितलं. मग कंपनीचे वकील उठले. त्यांना सगळं संभाषण वाचायला मिळालं होतं. त्यांनी परवानगी मागितली आणि दोन्ही निरोप वाजवले. आधी चौतीस सेकंद, मग नऊ.

"हा आवाज तुमचा?"

"माझाच."

"साखळी घालतात हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"किती दिवसांपासून?"

"कित्येक वर्षांपासून."

"तक्रार केलीत कधी?"

"नाही."

"म्हणजे तुम्हाला त्यात धोका वाटला नाही. बारा वर्षांचा अनुभव असलेल्या बाईला धोका वाटत नाही, आणि कंपनीला वाटायला हवा होता, असं आपलं म्हणणं?"

"धोका वाटत होता," थोरली म्हणाली.

"मग बहिणीला गुपचूप काम कर का म्हणालात?"

थोरलीने विचार केला. तिला खरं उत्तर द्यायचं होतं, पण खरं उत्तर फार लहान होतं. "कारण मीही तेच करत होते," ती म्हणाली.

वकील समितीकडे वळले. "माझं म्हणणं इतकंच, की साखळीची कल्पना कामगारांना पूर्ण होती आणि त्यांनी ती मान्य केली होती."

अध्यक्षीणबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. "वकीलसाहेब, साखळी नव्हतीच, असं तुमच्या अशिलाचं लेखी म्हणणं आहे ना?"

वकिलांनी हातातले कागद खालीवर केले. वेळ मागून घेतला.

बाहेर व्हरांड्यात बाईंनी थोरलीचा हात घट्ट धरला. "कळलं का तुला काय झालं आत्ता?"

थोरलीला कळलं होतं. तिने मान हलवली. हात बाईंच्या हातात होता, पण दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.

संध्याकाळी ते नऊ सेकंद सगळीकडे होते. कुणी सोडले ते कधीच कळलं नाही. फक्त नऊ सेकंद, मागे पियानो नाही, पुढचं मागचं काही नाही. वर अक्षरं होती: बहिणीचा खून कुणी केला? खाली लोक लिहीत होते. ज्यांनी आधी सह्या केल्या होत्या, तेही लिहीत होते. असली बहीण वैऱ्यालाही नको. आता हिला नुकसानभरपाई हवी असेल. तोंड बघा, एक टिपूस नाही. शेवटच्याच्या खाली सुनावणीतून बाहेर पडतानाचा तिचा फोटो होता. थोरलीने फोटो मोठा करून बघितला. खरंच, एक टिपूस नव्हतं.

कामावर रोलरवर तिच्यासमोर उभं राहायला कुणी येईना. चादर दोघींशिवाय धरता येत नाही. तिला वर्गवारीच्या खोलीत टाकलं, जिथे मळके कपडे ढिगातून वेगळे करायचे असतात आणि एकटीनेच काम करता येतं.

आईला शेजारणीने ऐकवलं. थोरली घरी आली तेव्हा आई पलंगावर बसली होती, चष्मा हातात.

"तू असं म्हणालीस तिला?"

"हो."

आईने चष्मा घातला, काढला, परत घातला. मग उठून आतल्या खोलीत गेली. त्यानंतर अकरा दिवस ती थोरलीशी बोलली नाही. दोघी एकाच ओट्यावर स्वयंपाक करत होत्या, एकाच वेळी जेवत होत्या. हवं ते आई स्वतः उठून घ्यायची. बाराव्या दिवशी सकाळी थोरली कामावर निघताना आई दारात आली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "मलाही सांगितलं होतं तिने. साखळीचं."

थोरली थांबली.

"मी म्हटलं, मला काय कळतं त्यातलं, ताईला विचार." आईचा हात दाराच्या कडीवर होता. "डबा विसरू नकोस."

थोरलीने डबा घेतला. बस चुकली, पुढची घेतली.

कात्रीला वाटत होतं, उत्तर द्यायला हवं. थोरलीने समोर बसून माफी मागावी, लोकांचं मन वळेल. कचेरीतल्या खिडकीपाशी त्याने खुर्ची मांडली, पडदा अर्धा ओढला, उजेड तिच्या एका गालावर येईल असं केलं. तिने चार वेळा बोलून दाखवलं. चारही वेळा तो म्हणाला, "छान आहे ताई, पण थोडं... आतून."

"आत काही नाही रे," थोरली म्हणाली. "मी शोधून बघितलं. रोज बघते. डोळ्याला पाणी येत नाही. तुला हवं तर कांदा आण."

बाई कोपऱ्यात वहीत काहीतरी लिहीत होत्या. त्यांना हसू फुटलं, मग कात्रीलाही फुटलं, आणि दोघं तिच्याकडे बघून एकदम गप्प झाले.

"पडदा उघड," थोरली म्हणाली. "आणि ते वाजवणं लावू नकोस मागे. मी सरळ सांगते काय झालं ते."

तिने सरळ सांगितलं. धाकटीने काय विचारलं, आपण काय उत्तर दिलं. आपली पाळी संपत आली होती, आपण तेव्हा रोलरवर होतो, एका हाताने बोलत होतो, समोरची बाई चादर धरून खोळंबली होती. बारा वर्षांत आपण सुपरवायझरला एकदाही काही म्हटलं नाही, आणि म्हणूनच तो आपलं ऐकतो असं धाकटीला वाटत होतं. "तुमच्यापैकी कुणी घरच्या माणसाला असं सांगितलं असेल, तर बाईंना फोन करा," ती शेवटी म्हणाली. "मला नको. मला बोलता येत नाही नीट." आणि बाईंचा नंबर सांगितला.

कात्रीने काहीही न कापता ते सोडलं. दोन मिनिटं दहा सेकंद. पहिल्या व्हिडिओच्या शंभराव्या हिश्श्याइतक्याही लोकांनी ते बघितलं नाही. शिव्या मात्र तितक्याच आल्या.

पण तिसऱ्या दिवसापासून बाईंचा फोन वाजायला लागला. शिवणकामाच्या कारखान्यातली एक आई म्हणाली, लेकीला मीच सांगितलं, शिडी हलते तर हलू दे, तू तोल सांभाळ. एका इस्पितळातला सफाईवाला म्हणाला, भावाला मी म्हटलं, हातमोजे मागितलेस तर तुझ्या जागी दुसरा घेतील. एक जण काहीच न बोलता नुसता रडला आणि त्याने फोन ठेवला. बाईंनी प्रत्येकाचं गाव, कारखाना, पाळी विचारून घेतली. अडतिसावी वही अर्धी झाली. मग त्या पिशवी घेऊन निघाल्या, आणि या वेळी सुट्टीच्या दिवशी थोरली त्यांच्याबरोबर गेली. लोकांच्या घरी ती दाराजवळ बसायची आणि काही बोलायची नाही. बाईंच्या मते हे कामाचं होतं. "तू गप्प बसलीस की लोक बोलतात," त्या म्हणायच्या. "मी गप्प बसले तर त्यांना वाटतं मी दमले."

एका रविवारी कचेरीतल्या बारा खुर्च्यांवर, टेबलावर आणि जिन्यात मिळून एकतीस जण बसले होते. मीटिंग निम्मी झाली आणि मागून लंबी आत आली. लंबी म्हणजे त्या दिवशी खिडकीतून निघालेल्या दोघींपैकी एक. उंचीमुळे हे नाव, आणि उंचीमुळेच तिचा हात खिडकीपर्यंत पोहोचला होता. दोन महिने तिने थोरलीकडे बघितलंही नव्हतं.

ती भिंतीला टेकून उभी राहिली. "साखळी होती," ती म्हणाली. "मी बघितली. मी तिला ओरडले, इकडे ये, टेबलावर चढ. ती म्हणाली, मी दार बघते. मी म्हटलं, ते उघडत नाही. ती म्हणाली, ताई बोलली असेल एव्हाना."

कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. लंबीने ती घेतली नाही. ती थोरलीकडे बघत होती. "हे तुला सांगायचं नव्हतं मला. म्हणून मी कुणालाच काही सांगत नव्हते. पण समितीला सांगायचं तर हेही सांगावं लागेल."

सगळी खोली थोरलीकडे बघत होती. थोरलीच्या कानात रोलरचा घरघराट सुरू झाला, तो लॉन्ड्रीत नसतानाही कधी कधी व्हायचा. तिने वाट बघितली. काहीतरी फुटेल, कोसळेल, अशी तिला स्वतःलाच उत्सुकता होती. घरघराट ओसरला. समोर लंबी तशीच उभी होती.

"सांग," थोरली म्हणाली. "सगळं सांग." मग ती उठली आणि आपली खुर्ची लंबीला दिली.

लंबीने समितीपुढे सांगितलं. दुसरीनेही सांगितलं. दोन महिन्यांनी अहवाल आला. साखळी होती, ती आगीनंतर काढली गेली, सुपरवायझर आणि व्यवस्थापकावर खटला चालवावा. मालकांच्या बाबतीत पुरावा अपुरा. गावातल्या सगळ्या कारखान्यांनी मागची दारं कामाच्या वेळात आतून उघडतील अशी ठेवावीत, दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी, आणि तपासणीच्या वेळी कामगारांपैकी दोघे हजर असावेत. ही शेवटची ओळ बाईंनी पंधरा वर्षं मागितली होती. त्यांनी ती चष्मा पुसून दोनदा वाचली.

कात्रीने 'आपण जिंकलो' असं लिहून सोडलं. त्यावर चार लाखांपैकी बऱ्याच लोकांनी पसंतीचे अंगठे दाखवले. त्या संध्याकाळी कचेरीत चहा झाला, बाईंनी भाषण करायचं टाळलं. थोरली एका खुर्चीवर बसून होती. लोक येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवत होते. खांदा आहे एवढं तिला कळत होतं.

लॉन्ड्रीतून तपासणीसाठी दोघींची नावं द्यायची वेळ आली. बायकांनी लंबीचं नाव दिलं, आणि बरीच कुजबूज झाल्यावर थोरलीचं. कुजबूज कशाची होती ते तिला ठाऊक होतं. तिने सही केली. खटल्याची पहिली तारीख पुढे गेली, दुसरीही गेली.

मार्च महिन्यात एका दुपारी थोरली घरी मटार सोलत होती. समोर आई वर्तमानपत्र पसरून बसली होती. दोघींचं आता गरजेपुरतं बोलणं होतं, कधी त्याहून थोडं जास्त. थोरलीच्या मोबाइलवर अनोळखी नंबर आला. अलीकडे बाई तिचा नंबर द्यायला लागल्या होत्या, तिला न विचारता.

"तुम्ही त्या... त्या ताई का?" पलीकडे तरुण आवाज होता, मागे ट्रकचे हॉर्न. "मी मासळीच्या पॅकिंगला असते. लांब आहे तुमच्यापासून. आमच्याकडे बर्फाच्या खोलीच्या दाराचा दांडा आतून तुटलाय. आत अडकलं की ओरडत बसावं लागतं. मी माझ्या आत्याला सांगितलं, तिनेच लावलंय मला इथे. ती म्हणते..."

"काय म्हणते ते मला माहीत आहे," थोरली म्हणाली.

"मग मी काय करू? तुमच्यासारखा व्हिडिओ करू का?"

"नको. आधी नको." थोरलीने मटाराचं ताट बाजूला सारलं. "किती जणी आहात तुम्ही त्या पाळीला?"

"चौदा."

"त्यातली कुणाशी तू जेवतेस?"

"दोघींशी. पण त्या घाबरट आहेत हो."

"चालेल. त्यांच्याशीच बोल. कुणाच्यातरी घरी बोल, कामावर नको. दांड्याचं लगेच काढू नकोस, आधी त्यांचं काय दुखतं ते विचार."

आईने वर्तमानपत्र खाली केलं. थोरली बोलत राहिली. कोणत्या वेळी फोरमन नसतो, तारीख टाकून कसं लिहायचं, फोटो कसा काढायचा. आणि आत्यावर चिडायचं नाही, तिलाही घेऊन यायचं, जमलं तर पहिल्याच दिवशी. पोरगी मधेच म्हणाली, "थांबा, मी लिहून घेते," आणि पेन शोधायला गेली.

तेवढ्या वेळात आईने ताट आपल्यापुढे ओढलं आणि उरलेले मटार सोलायला घेतले. थोरलीच्या पोटात काहीतरी खेचल्यासारखं झालं. तिला जरा वेळाने कळलं, भूक लागली आहे. कितीतरी दिवसांत तशी लागली नव्हती. तिने ताटातले चार दाणे उचलून तोंडात टाकले. गोड होते.

"हां, बोला ताई," पलीकडून आवाज आला. "पेन मिळालं."